तक्त्याप्रमाणे

मिल्टन कीन्स
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

तुझ्या नव्या कानयंत्रातून फोनवर नुसती खरखर ऐकू येते, म्हणून यापुढे लिहायचं, हा तुझा हुकूम मान्य. वरदा हसते. म्हणते, ईमेल पाठवून त्याला पत्र म्हणायचं हे फक्त सबनिसांच्याच घरात चालतं.

बातमी अशी, की अन्वीच्या शाळेच्या गव्हर्नर मंडळावर पालकांतून मी निवडून आलो होतो ना, त्यांनी आता मला शिस्त समितीत घेतलं आहे. शाळेचं शिस्तीचं धोरण म्हणजे पानंच्या पानं नुसता घोळ होता. मी एका शनिवारी बसून त्याचा एक पानी तक्ता केला. उशीर झाला, च्युइंग गम खाल्लं, मोजे भलत्या रंगाचे घातले, की पॉइंट. ठरावीक पॉइंट झाले की दिवसभर रिफ्लेक्शन रूम, म्हणजे भिंतीकडे तोंड करून गप्प बसायची खोली. त्या खोलीच्या ठरावीक फेऱ्या झाल्या, की शाळेबाहेरच्या पर्यायी शिक्षण केंद्रात एक पूर्ण टर्म. प्रत्येक चौकटीतून एकच बाण निघतो. जुन्या धोरणात जागोजागी ‘परिस्थिती पाहून’ असे शब्द होते, ते मी काढायला लावले. परिस्थिती पाहायची म्हटलं की प्रत्येक शिक्षक वेगळी पाहतो. हेडटीचर म्हणाल्या, इतकं स्पष्ट काम आजवर कोणी केलं नव्हतं. तक्ता आता प्रत्येक वर्गात लागलाय. एक प्रत आमच्या फ्रिजवरही आहे.

गुरुवारी पहिली केस झाली. नाव सांगायला नको, पण ग्लासगोत कोणाला कळणार आहे? मॅटिल्डा म्हणून मुलगी, अन्वीच्याच इयत्तेतली. उशीर, पुन्हा उशीर, पुन्हा उशीर, मग त्या खोलीतून न विचारता उठून गेली. मीटिंगला ती आली नाही, आईसुद्धा आली नाही. यावरूनच काय ते समजावं. चहा निवायच्या आत आम्ही तिघांनी निर्णय दिला. वृत्तांत मीच लिहिला, ‘पालकांनी उपस्थित राहण्यात रस दाखवला नाही’ असा. तक्ता चालतो, ताई. खरोखर चालतो.

अन्वी बरी आहे. अलीकडे जरा गप्प असते, पण पंधराव्या वर्षी असायचंच.

तुझा
उल्हास

⁂

ग्लासगो
६ ऑक्टोबर २०२४

चि. उल्हास,

तक्ता पाहिला. सुबक आहे. लहानपणी तू आईच्या मसाल्याच्या डब्यांना क्रमांक दिले होतेस, ते आठवलं. आईनं ते कधी वापरले नाहीत, पण तुझं मन राखायला पुसलेही नाहीत.

मी आयुष्यभर लोकांना भूल देत आले. तिथंही तक्ते असतात. वजन इतकं, तर औषध इतकं. तरी सुई टोचण्याआधी आम्ही पेशंटशी बोलायचो. काही खाल्लंय का, भीती वाटते का, घरी कोण आहे. त्यातली निम्मी उत्तरं तक्त्यात कुठेच बसायची नाहीत, आणि नेमकी तीच कामाला यायची.

त्या मॅटिल्डाची आई का आली नाही, हे कोणी फोन करून विचारलं का? मला उत्तर पाठवू नकोस. निवृत्त बाईचं कुतूहल समज.

अन्वी गप्प का असते, हेही विचारून बघ. तिच्या वयाकडे बोट न दाखवता.

ताई

⁂

मिल्टन कीन्स
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

लिहायला उशीर झाला. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायचंय, त्यात सगळे बुडालोय.

अन्वीचं छान चाललंय. तिला सध्या शाळेच्या बाहेर एका छोट्या गटात शिकायची संधी मिळाली आहे. शांत जागा, मोजकी मुलं, शिक्षकांचं प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष. मोठ्या वर्गात असं कुठे मिळतं? एका टर्मपुरतं आहे, पण अनुभव म्हणून चांगलंच.

समितीचं काम मी थोडे दिवस बाजूला ठेवलंय. वेळच होत नाही. फ्रिजवरचा तक्ताही वरदानं काढला. फ्रिज पुसायचा होता.

तिकडे बर्फ पडला का? जपून चाल.

तुझा
उल्हास

⁂

ग्लासगो
२७ नोव्हेंबर २०२४

अन्वी बाळा,

तुझ्या बाबाचं पत्र आलं. त्यात सगळं छान छान आहे. तो इतकं छान लिहितो तेव्हा नक्की काहीतरी बिनसलेलं असतं. दहावीत गणितात नापास झाला तेव्हा त्यानं मला ‘परीक्षेत वेगळा अनुभव आला’ असं लिहिलं होतं.

काय झालंय? मराठीत लिही, इंग्रजीत लिही, अर्धं अर्धं लिही. मी कोणाला सांगणार नाही.

लीलाआत्या

⁂

मिल्टन कीन्स
३० नोव्हेंबर २०२४

डिअर लीलाआत्या,

माझा मराठी वाईट आहे, सॉरी. फोन शब्द देतो आणि मी टॅप करते. पण मराठीत लिहिते कारण बाबा माझ्या खांद्यावरून बघतो तर त्याला वाटतं मी मराठी क्लासचा होमवर्क करते.

छोटा गट म्हणजे ते सेंटर. जिथे शाळेने बाहेर काढलेले मुलं जातात. बाबाने खोटं नाही सांगितला, फक्त नाइस शब्द घातले.

टिली माझी बेस्ट फ्रेंड आहे, इयर सेव्हनपासून. ती आमच्या घरी कधीच नाही आली कारण तिला शाळेनंतर छोट्या बहिणीला बघायचं असतं. सकाळी पण. तिची आई वेअरहाउसमध्ये रात्री काम करते आणि सकाळी बस लेट येते. मग टिली बहिणीला शाळेत सोडते, मग स्वतः लेट. टिलीची खरी नाव मॅटिल्डा आहे. बाबाला हे माहीत नाही. त्याने कधी विचारला नाही माझी फ्रेंड कोण, आणि मी सांगितला नाही. ती गेली तेव्हा मी त्याला सांगायला गेली. मी म्हणाली, बाबा, तुझ्या कमिटीत एक मुलगी होती. तो म्हणाला, बेटा, समितीचं काम गोपनीय असतं. आणि लॅपटॉप उघडला.

मग मी फ्रिजवरची चार्ट वाचली. खूप क्लिअर आहे. प्रत्येक बॉक्समधून एकच बाण. तर मी बाण फॉलो केला, म्हणजे मी पण टिलीकडे पोहोचेन. पिवळे मोजे. च्युइंग गम. क्लासमध्ये हळू गाणं म्हणणं. रिफ्लेक्शन रूममधून उठून लायब्ररीत जाणं. मी कोणाला शिवी नाही दिली, काही तोडला नाही. मॅथ्सची टीचर म्हणाली, अन्वी, प्लीज, मला हे लिहायला लावू नको. पण चार्टमध्ये प्लीजचा बॉक्स नाही. शाळेचा ॲप बाबाला रोज मेसेज करत होता. त्याने ॲप म्यूट केली आहे, कारण आमच्या घरात गरज नाही.

आता वाईट गोष्ट. मी इथे आली तर टिली इथे नाही. ती फक्त सुरुवातीला आली. दोन बस लागतात आणि सेंटर नऊला दार बंद करतो, मग आत घेत नाही. तिने सोडून दिला. कोणी तिच्या घरी गेला नाही. टेक्स्ट करते तर म्हणते, आय ॲम फाइन. ती फाइन नाही.

म्हणजे मी एवढं करून चुकीच्या जागी आली, आणि पूर्ण टर्म निघू शकत नाही. हाफ टर्म, म्हणजे ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर आली म्हणून ही टर्म धरत पण नाहीत. ईस्टरपर्यंत.

बाबाला नको सांगू. प्लीज.

अन्वी

⁂

ग्लासगो
३ डिसेंबर २०२४

अन्वी,

सांगणार नाही.

पण शाबासकीही देणार नाही. तुझ्या गणिताच्या बाईंना तू नको ते काम करायला लावलंस. त्यांना एकदा भेटून ये.

आता ऐक. तू बसनं जातेस ना? उद्यापासून बाबाला म्हण, मला गाडीनं सोड. तो कुरकुर करेल, मीटिंगचं सांगेल, पण सोडेल. दोनचार दिवसांनी म्हण, रस्त्यात माझी एक मैत्रीण राहते, तिलाही घेऊ. तिच्या बहिणीला आधी तिच्या शाळेत सोडू. टिली म्हणूनच ओळख करून दे. ते तिचं नावच आहे, त्यात खोटं काही नाही.

तुझ्या बाबाला कागदावरची माणसं कळत नाहीत. शेजारी बसलेली कळतात. मी त्याच्या शेजारी बसून मोठी झाले आहे.

लीलाआत्या

⁂

मिल्टन कीन्स
१९ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी छोट्या गटाचं वगैरे जे लिहिलं, ते तितकं खरं नव्हतं. अन्वीला शाळेनं केंद्रात पाठवलंय. शिस्तीखाली. तुला सांगायची लाज वाटली.

का केलं तिनं, काही कळत नाही. मोजे, च्युइंग गम, गुणगुणणं. एवढ्यावरून? मी हेडटीचरना भेटायला गेलो. म्हणालो, चांगली मुलगी आहे, जरा परिस्थिती पाहा. त्या म्हणाल्या, “मिस्टर सबनीस, मला फार आवडलं असतं.” आणि त्यांच्यामागच्या भिंतीवर तक्ता होता, त्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. मी कोट घेऊन निघालो. वरदा म्हणाली, “बरं झालं, तिथं वाद घातला नाहीस. हरला असतास.”

आता रोज सकाळी मीच अन्वीला सोडतो. वाटेत तिची एक मैत्रीण येते, टिली. तिची धाकटी बहीण आर्चीबाल्ड नावाचा कापडी हत्ती घेऊन मागं बसते, तिला तिच्या शाळेत उतरवायचं, मग या दोघींना केंद्रात. सुरुवातीला मला ही नसती उठाठेव वाटली. पण ताई, ही टिली फार समजूतदार पोरगी आहे. उजेडायच्या आत उठून बहिणीची वेणी घालते, डबा भरते. पहिल्या दिवशी गाडीत बसताना बूट पुसून बसली. मध्यंतरी एका गोल चौकात मी चुकीच्या बाजूला वळलो, तर म्हणाली, “काही हरकत नाही, मिस्टर एस, पुढच्या चौकात परत संधी मिळते. इथं तेवढं एक बरं आहे.” मी दिवसभर हसत होतो.

अशा मुलीला कोणी केंद्रात पाठवलं असेल? मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, “उशीर व्हायचा.” बस्स, उशीर. मला खरंच राग आला. घरची अडचण एकदा तरी विचारायची की नाही? कोण बसतं असल्या समित्यांवर?

हजेरी नाही म्हणून तिची आधीची टर्म धरलेलीच नाही, आणि आता आणखी मुदतवाढ द्यायची की नाही यावर फेब्रुवारीत मीटिंग आहे. तिची आई परवा गाडीपाशी आली. रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल. म्हणाली, मागच्या वेळी बोलावलं तेव्हा मालकानं सुटी दिली नाही, या वेळी येईन, पण तिथली भाषा मला झेपत नाही, तुम्ही सोबत याल का? तुझं काय मत?

उल्हास

⁂

ग्लासगो
२२ जानेवारी २०२५

चि. उल्हास,

जा.

इस्त्रीचा शर्ट घाल. आणि जायच्या आधी त्या मुलीचं पूर्ण नाव विचारून ठेव. कोणाची बाजू मांडायची तर तेवढं माहीत असावं.

ताई

⁂

मिल्टन कीन्स
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

पूर्ण नाव विचारायचं राहिलं. मला वाटलं, टिली म्हणजे टिलीच.

तीच खोली होती. तेच टेबल. माझ्या जुन्या खुर्चीत एक नवे गृहस्थ बसले होते. बाकीचे दोघे मला ओळखत होते, त्यांनी मान हलवली. मी टिली आणि तिच्या आईच्या मधे बसलो. टेबलाच्या त्या बाजूची खुर्ची जरा बुटकी आहे, हे मला कधी कळलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी फाइल उघडली आणि म्हणाल्या, “मॅटिल्डा, तू आलीस हे चांगलं झालं.”

मी टिलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “थँक यू.”

मग त्यांनी मागच्या मीटिंगचा वृत्तांत वाचला. माझी वाक्यं मला ऐकू येत होती, ताई. ‘वारंवार उशीर. सुधारण्याची इच्छा दिसत नाही. पालकांनी उपस्थित राहण्यात रस दाखवला नाही.’ टिलीची आई शेजारी बसून ऐकत होती. तिनं मला हळूच विचारलं, “हे कोणी लिहिलं?” तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या आवाजात रागही नव्हता.

मी म्हणालो, “मी.”

तिनं पर्स मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवली आणि परत मांडीवर घेतली.

अध्यक्षबाई जरा गडबडल्या. “मिस्टर सबनीस, आपण आधीच्या निर्णयात होतात. या प्रकरणात आपला काही हितसंबंध आहे का, याची नोंद करावी लागेल.”

मी म्हणालो, “आता आहे. तेव्हा नव्हता. नोंद त्याचीच करा.”

मग मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. तिची आई घरी परतायच्या आत बहिणीला शाळेत पोचवावं लागतं हे सांगितलं. केंद्राला दोन बस लागतात, आणि दोन्ही वेळेवर येणं हा चमत्कार असतो, हे सांगितलं. जानेवारीपासून ती एकही दिवस चुकली नाही, कारण माझ्या गाडीला वेळ पाळता येते, हे सांगितलं. नवे गृहस्थ म्हणाले, “पण हे सगळं तेव्हा समितीला माहीत नव्हतं.” मी म्हणालो, “विचारलं नव्हतं.” ते म्हणाले, “तक्त्यात विचारायची सोय नाही.” भला माणूस. त्याला ठाऊक नव्हतं, तक्ता कोणाचा.

निर्णय टिलीच्या बाजूनं लागला. सुटीनंतर ती शाळेत परत जाईल, आणि सकाळी बहिणीला सोडून यायला तिला सवलत आहे. समितीनं ‘परिस्थिती पाहून’ हे शब्दही धोरणात परत घालायचं ठरवलं. मात्र पुढच्या टर्मपासून. आधीच केंद्रात असलेल्यांना लागू नाही. म्हणजे अन्वी ईस्टरपर्यंत तिथंच.

बाहेर पार्किंगमध्ये टिलीच्या आईनं माझ्याशी हात मिळवला. म्हणाली, “मला अजून तुमचा राग आलेला नाही. येईल बहुतेक, उद्यापरवा. झोप झाली की.” मी म्हणालो, येऊ द्या.

तुला सगळं माहीत होतं ना?

उल्हास

⁂

ग्लासगो
११ फेब्रुवारी २०२५

चि. उल्हास,

हो.

अन्वीशी बोल. या वेळी लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेव.

ताई

⁂

मिल्टन कीन्स
२ मार्च २०२५

डिअर लीलाआत्या,

बाबाशी बोलणं झालं. त्याने विचारला, तू हे मुद्दाम केलंस? मी म्हणाली हो. तो म्हणाला, मला सांगायचं होतंस. मी म्हणाली, सांगायला आली होती. आई किचनमधून बाहेर आली आणि परत आत गेली.

मॅथ्सच्या टीचरला भेटली. सॉरी म्हणाली. ती म्हणाली, तुझी गाणी तरी चांगली होती. आणि मला होमवर्क दिला.

आता टिली शाळेत आहे आणि मी सेंटरमध्ये. म्हणजे प्रॉब्लेम तोच आहे, फक्त उलटा. मी तिला सांगितलं आहे, जर तू माझ्यासाठी काही मूर्खपणा केली तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही. इथे ठीक आहे. एक मुलगी मला सायकलचा ब्रेक बसवायला शिकवते आणि मी तिला फ्रॅक्शन शिकवते. तिला फ्रॅक्शन माझ्या ब्रेकपेक्षा लवकर आले.

मला तुला टिलीचा पहिला दिवस सांगायचा आहे. सोमवारी खूप थंडी होती. आम्ही सगळे लेट निघालो. बहिणीला सोडलं, मग शाळेच्या गेटपाशी आलो, आणि टिली उतरलीच नाही. बाहेर सगळे इयर टेन, म्हणजे आमच्या इयत्तेचे, उभे होते. ती म्हणाली, सगळे माझ्याकडे बघतील. मला वाटलं आता बाबा लेक्चर देणार. त्याने गाडी बंद केली. तो म्हणाला, “हो, बघतील.” बस्स एवढंच. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. त्याची मीटिंग होती साडेआठला, फोन वाजत होता, तो बघत पण नव्हता.

मग टिलीने बेल्ट काढली. बाबा पण उतरला. तो म्हणाला, दारापर्यंत येतो. आणि आत्या, तो घाईत तसाच आला होता. पायात घरातल्या स्लिपर, निळ्या, आणि डोक्यावर आईची जांभळी लोकरीची टोपी, वर तो मोठा गोंडा असलेली. गळ्यात ऑफिसचा कार्ड. मी म्हणाली, बाबा, टोपी. त्याने टोपीला हात लावला. मला वाटलं काढेल. त्याने ती अजून खाली ओढली.

दोघं चालत गेले, एकदम सावकाश. सगळे बघत होते. पूर्ण इयर टेन, दोन टीचर, रस्ता क्रॉस करून देणारी लॉलीपॉप लेडी. सगळे बाबाकडे बघत होते. टिलीकडे कोणी बघितलाच नाही. ती त्याच्या बाजूने आत गेली आणि कोणाला कळलं पण नाही.

तो परत आला आणि गाडी चालू केली. मी खूप हसत होती. तो पण थोडा. मग त्याने विचारला, सेंटरमध्ये पण दारापर्यंत येऊ का? मी म्हणाली, ये.

अन्वी